वास आला की

"आला?" नवऱ्याने विचारलं.

ताईंनी डोळे मिटले होते. बाटली नाकाखाली आहे हे वरच्या ओठाला लागलेल्या काचेच्या गारव्यावरून कळत होतं. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी श्वास आत ओढला, तुटक तुटक, सशासारखा. आत नुसती हवा गेली.

"नाही."

"घाई नको करूस. परत घे. कसला वाटतो?"

"लवंगेचा असेल. काल लिंबापासून सुरुवात केलीत, म्हणजे आज लवंग."

"अगं, ओळखायचं नाहीये. वास घ्यायचाय," असं म्हणून नवऱ्याने बूच लावलं आणि दुसरी बाटली उघडली.

लवंग, लिंबाची साल, कॉफी, गुलाब. सकाळ-संध्याकाळ हा कार्यक्रम दोन वर्षं चालला होता. नवरा शहरातल्या बसवर ड्रायव्हर. आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस. कमी बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ड्युटी कुठलीही असो, त्याने बाटल्या कधी चुकवल्या नाहीत. शेवटची बाटली झाली की तो म्हणायचा, "येईल," आणि चपला घालायचा.

दोन वर्षांपूर्वी ताई बेकरीच्या मागच्या पायरीवरून घसरल्या होत्या. हातात रिकामे ट्रे होते, पायरी ओली होती. डोक्याची मागची बाजू फरशीवर आपटली. चार टाके पडले, आठवड्यात त्या हिंडू-फिरू लागल्या, आणि थोडक्यात निभावलं असं सगळे म्हणाले. मग एका सकाळी त्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसल्या असताना शेजारीण दार ठोठावत आली. गॅसवरचं दूध जळून पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं, घर धुराने भरलं होतं, आणि ताई आपल्या घड्या घालतायत. त्या दिवशी कळलं.

त्याआधी बेकरीत त्यांच्या नाकाचा दबदबा होता. भट्टीकडे पाठ करून मैदा चाळत असल्या तरी "खालचा ट्रे काढा रे" असं त्या सांगायच्या आणि ट्रे काढला की बन नेमके बदामी झालेले असायचे. पोरं मागून त्यांना 'नाक' म्हणायची. ताईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पडल्यानंतर त्या पुन्हा भट्टीवर उभ्या राहिल्या, त्याच आठवड्यात ब्रेडचा एक अख्खा घाणा त्यांच्या डोळ्यांदेखत कोळसा झाला. मालक भला माणूस. त्याने त्यांना पुढे काउंटरवर बसवलं आणि सांगितलं, की वास आला की भट्टी तुमचीच.

'वास आला की' हे मग घरातलं पालुपद होऊन बसलं. वास आला की लेकीकडे राहायला जाऊ. वास आला की पाहुण्यांना जेवायला बोलावू. वास आला की नवं अत्तर उघडू. भट्टीवर त्यांच्या जागी एक मुलगी आली होती. तिला सगळे 'नवी' म्हणत. दोन वर्षं झाली तरी ती नवीच होती, कारण जुनी परत येणार होती. ताई तिच्याशी वाईट वागल्या नाहीत, पण तिला काही सांगितलंही नाही. आपली जागा आपणच कशी द्यायची? काउंटरवर त्या उभ्या असायच्या त्या स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारख्या. खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवायची नाही, न जाणो, आलीच गाडी तर.

एकदा नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघवेना म्हणून त्या बोलून गेल्या, "थोडासा आल्यासारखा वाटला." त्या दिवशी त्याने डेपोतल्या सगळ्यांना सांगितलं, लेकीला फोन केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा फुलं घेऊन घरी आला. ताईंनी ती फुलं नाकाशी धरली आणि त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा "नाही" म्हणावं लागलं. "होतं असं, कमी-जास्त," तो म्हणाला. पण तेव्हापासून बाटल्यांचा आवाज झाला की ताई उगाच काहीतरी काम काढायच्या.

नेहमीच्या डॉक्टरांची बदली झाली आणि त्यांना मोठ्या इस्पितळात पाठवलं गेलं. तिथली डॉक्टर लेकीच्याच वयाची होती आणि तिला स्वतःलाच सर्दी झाली होती. नाक पुसत तिने ताईंच्या डोक्याचे सगळे फोटो उजेडाच्या काचेवर लावले, बराच वेळ पाहिले, पुन्हा पाहिले. मग खुर्ची ओढून ताईंच्या समोर बसली आणि सांगितलं, की डोक्याला मार बसला तेव्हा वासाच्या बारीक नसा तुटल्या, आणि ज्या भागाला त्या जोडलेल्या असतात तो भागही दुखावला आहे. यायचा असता तर आतापर्यंत काहीतरी आलं असतं.

"म्हणजे शक्यता कमी आहे," नवरा म्हणाला.

"नाही, काका. शक्यता नाही." ती ताईंकडे वळली. "मला वाईट वाटतं हे सांगताना. पण वास परत येणार नाही."

ताईंनी पदर सारखा केला. "मग त्या बाटल्या?"

"बंद केल्यात तरी चालेल."

"आजपासून?"

"आजपासून."

परतताना बसमध्ये नवरा बोलत होता. एरवी दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा माणूस, पण आज थांबेना. कालची पोर, हिला काय कळतंय, आपण दुसरीकडे दाखवू, त्याच्या ओळखीत एक जण आहे. ताई खिडकीशी बसून आपल्या आतलं दुःख चाचपत होत्या, अंधारात किल्ली चाचपावी तसं. ते इथेच कुठेतरी असणार, हाताला लागेलच आता. पण लागली ती भूक. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी सपाटून भूक. आणि त्यामागोमाग झोप. नवऱ्याचं बोलणं चालू असतानाच त्या त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. मग मात्र तो गप्प झाला.

दुःख आलं, पण सवडीने आलं. दोन-तीन दिवसांनी दुपारी त्या बाटल्या धुवायला बसल्या. लवंगा कचऱ्यात टाकल्या, गुलाबाच्या पाकळ्या मोरीत ओतल्या, आणि एकदम हुंदका फुटला. नळ मोकळा सोडून त्या रडल्या, गेलेल्या माणसासाठी रडावं तशा. जळक्या साखरेचा वास गेला, धुतलेल्या चादरीचा गेला, आईच्या ट्रंकेतला गेला, आणि आता येणार नाही. नळ बंद केला तेव्हा घर शांत होतं. त्यांनी बाटल्या पालथ्या घातल्या आणि ताट वाढून घेतलं. आंबट, खारट, गोड एवढं जिभेला अजून कळत होतं. दाताखाली कुरकुरणारं काही असलं की त्याचा आवाज थेट कानात जायचा. हे आपण दोन वर्षं ऐकलंच नाही, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या काउंटर सोडून मागे भट्टीकडे गेल्या. त्यांना पाहताच नवी ताठ उभी राहिली.

"उद्यापासून मी थोडी लवकर येत जाईन," ताई म्हणाल्या. "तुला दोन-चार गोष्टी दाखवते."

"पण मालक म्हणाले होते, वास आला की तुम्ही..."

"नाही येणार आता. भट्टी तुझी."

नवीने ओठ दाबून मान खाली घातली. ताईंना वाटलं ही आता रडणार. पण तिने मान वर केली ती घाईघाईत विचारायला, "मग तो डावीकडचा कोपरा एवढा का तापतो हो? मला कध्धीचं विचारायचं होतं."

ताई हसल्या. मग त्यांनी तिला तो कोपरा का तापतो ते सांगितलं, आणि त्या दिवशी काउंटरवर परत यायला त्यांना बराच उशीर झाला. आल्यावर त्यांनी घरून आणलेला कप फळीवर ठेवला आणि पिशवी खिळ्याला अडकवली. महिन्याभरात त्यांना गिऱ्हाइकं माणसांसारखी दिसू लागली. दात नसलेल्या आजोबांना कालचा मऊ बन, रोज भांडत येणाऱ्या जोडप्याला एकच पुडा आणि दोन पिशव्या. हिशेब करता करता आपण गुणगुणतोय हे त्यांच्या एक दिवस लक्षात आलं आणि त्यांनी दचकून इकडेतिकडे पाहिलं. तशा वाईट सकाळीही यायच्या. फुलवालीच्या दुकानापुढून जाताना पाय आपोआप भरभर पडायचे. पण तेवढंच, पुढे रस्ता असायचा.

घरी मात्र त्या जपून हसायच्या. नवरा दुसऱ्या गावच्या डॉक्टरचा पत्ता खिशात घेऊन हिंडत होता. ताईंनी तीनदा नको म्हटलं, तेव्हा तो पुटपुटला, "एवढ्यात हरायचं?" आणि जेवण अर्धवट टाकून उठला. दोन दिवस त्याने त्यांच्याकडे धड पाहिलं नाही.

रविवारी दुपारी त्यांचा डोळा लागला होता. गालावर थंडगार थेंब पडला म्हणून जाग आली. नवरा पलंगाशेजारी गुडघ्यांवर बसला होता आणि अर्धं कापलेलं संत्रं त्यांच्या नाकापाशी धरलं होतं. रस त्याच्या मनगटावरून ओघळत होता.

"अहो, काय करताय?"

चोरी पकडल्यासारखा त्याने हात मागे घेतला. "म्हटलं झोपेत येईल. जागेपणी माणूस फार जोर लावतो."

ताईंना राग येऊ शकला असता. त्या उठून बसल्या आणि त्याला शेजारी बसायला जागा केली.

"रोज दोनदा मी नापास व्हायचे," त्या म्हणाल्या. "तुमच्यासमोर. आता परीक्षाच नाही. मला बरं वाटतंय हो, खरंच बरं वाटतंय. आणि तेच तुमच्यापासून लपवावं लागतंय."

तो हातातल्या संत्र्याकडे बघत राहिला.

"मी घरी आलो की तू दारातूनच सांगायचीस. आज गाडी तापली वाटतं. आज चहा जास्त झाला. आज कुणाशी तरी भांडलात."

"भांडणाला कुठे वास असतो?"

"तुला यायचा." त्याने नाक ओढलं. "आता मी आलो की तू नुसती वर बघतेस."

हे ताईंच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. गेलं ते आपलं गेलं, एवढंच त्यांनी धरलं होतं. रोज संध्याकाळी दारात कुणीतरी याला ओळखायचं, ते याचंही गेलं होतं. त्यांनी त्याच्या हातातलं संत्रं घेतलं, एक फोड स्वतः खाल्ली, एक त्याला दिली.

"आंबट आहे," तो म्हणाला.

"आहेच. आता तुम्हाला तोंडाने सांगावं लागेल. भांडलात तर भांडलो म्हणून सांगा. मी विचारीन."

तो पत्ता त्याने फाडला नाही की टाकला नाही. पुढच्या धुण्यात शर्टाबरोबर गेला आणि त्याने विचारला नाही. सांगायला तो शिकला, पण रडतखडत. पहिले काही दिवस दारात चपला काढत हजेरी दिल्यासारखं म्हणायचा, "ब्रेक घासलेत," किंवा "आज काही नाही." मग एक दिवस एका बाईची छत्री गाडीत राहिली त्याचं सांगितलं. मग त्या छत्रीपायी कंडक्टरशी कसं वाजलं तेही. पुढे पुढे ताईंना म्हणावं लागे, की आधी हातपाय धुवा, मग सांगा.

अशातच लेक बाळंत झाली. मुलगी झाली. संध्याकाळच्या भेटीच्या वेळी दोघं इस्पितळात पोचले तेव्हा खोलीत जावयाची आई आणि बहीण होत्या. एकेक जण बाळाच्या डोक्यावर वाकत होतं आणि डोळे मिटून म्हणत होतं, अहाहा, या वासाला तोड नाही. मग दोघींना एकदम ताईंचं आठवलं आणि त्या ओशाळल्या. लेकीने घाबरून आईकडे पाहिलं. ताई तिला म्हणाल्या, "आण इकडे."

बाळ भलतंच हलकं होतं. ताईंनी त्याला वर उचललं आणि गाल त्याच्या डोक्यावर टेकवला. केस ओलसर, रेशमासारखे. त्यांच्या गालाखाली टाळू उडत होती, इवलीशी, भरभर, जणू आत कुणीतरी घाईने चालत होतं.

नवरा जवळ सरकला. त्याने बाळाच्या कानापाशी वाकून वास घेतला होता, आणि काय सांगायचं त्याची जुळवाजुळव चालली होती. त्याचे ओठ हलत होते.

"अगं, याला ना..." त्याने सुरुवात केली.

"थांबा जरा," ताई म्हणाल्या. गाल किंचित सरकवून त्यांनी त्याचा हात धरला आणि त्याचं बोट अलगद त्या मऊ जागेवर ठेवलं. "इथे बघा."

तो बघत राहिला. बाहेर नर्स भेटीची वेळ संपल्याचं सांगत एकेका दारावरून पुढे येत होती.