न कुजणारी चिंधी

मॅलकी माझा धाकटा भाऊ. त्याला मी मारलं असं गावात कोणी म्हणत नाही, कारण कोणाला माहीत नाही. माहीत होतं ते दोघींनाच, आणि त्यातली एक लिव्हरपूलला निघून गेली.

आधीच सांगते, झाडाबिडावर माझा विश्वास नाही. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला झरा आहे आणि झऱ्यावर हॉथॉर्नचं एकटं काटेझाड, चिंध्यांनी लगडलेलं. दुखणाइताच्या अंगावरच्या कपड्याची पट्टी फाडायची, झऱ्यात बुडवून फांदीला बांधायची. ती कुजत जाईल तसतसं दुखणं उतरतं. दुसऱ्याची चिंधी सोडली तर त्याचं दुखणं सोडणाऱ्याला लागतं. आणि एकदा झाडाच्या पदरात घातलेलं दुखणं मध्येच काढून डॉक्टरकडे न्यायचं नाही. झाडाखाली राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भल्या माणसांना तो अपमान वाटतो. भली म्हणतो ते भीतीपोटी, ती भली आहेत म्हणून नव्हे.

सबाइना माझी भावजय, मॅलकीची बायको. ती घरात आली तोवर चौदा वर्षं या घराचा पाव मी भाजत होते. तिसऱ्याच दिवशी आई शेजारणींसमोर म्हणाली, "हिच्या हातचा पाव खाल्ल्यावर कळलं, आजवर आपण काय चावत होतो." सगळ्या हसल्या. सबाइना तेवढी हसली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. दया दाखवणाऱ्या माणसाइतकं डोक्यात जाणारं दुसरं कोणी नसतं.

छप्पन सालच्या हिवाळ्यात मॅलकीच्या रुमालावर रक्त दिसलं. डॉक्टरांनी छातीला कान लावला आणि सांगितलं, क्षय आहे. पण आता इंजेक्शनं निघाली आहेत, माणसं बरी होऊन घरी येतात. मार्चमधल्या सेंट पॅट्रिकच्या सणानंतर क्षयाच्या इस्पितळात एक खाट रिकामी होईल. आईच्या दोन बहिणी तरुणपणी अशाच इस्पितळात गेल्या होत्या आणि शवपेटीतून परत आल्या होत्या. आई म्हणाली, आधी झाड.

घरातली धुणी माझ्याकडे. त्याला ज्यात घाम आला असेल असा एखादा शर्ट दे, असं सबाइनाने मला सांगितलं. खुर्चीवर दोन होते. एक जुना लोकरीचा आणि एक बोस्टनच्या मावशीने पाठवलेला पांढराशुभ्र, नायलॉनचा. नायलॉन काय चीज आहे ते या गावात मला एकटीला ठाऊक होतं. मावशीचेच फाटके मोजे मी शेणखताच्या ढिगात टाकले होते. वर्षाने खत पसरताना ते दाताळ्याला लागून वर आले, धुतले तर नव्यासारखे. मी तिला पांढरा शर्ट दिला.

चार रविवार तिचं हसं व्हावं, एवढंच मला हवं होतं. भावाचं वाईट माझ्या मनात नव्हतं.

ती अनवाणी गेली. झऱ्याला सूर्याच्या दिशेने तीन फेऱ्या घातल्या, चिंधी बांधली आणि बुंध्याला कपाळ टेकून उभी राहिली. मी गडग्याआडून बघत होते. बराच वेळ झाला तरी हलेना. परत आली तेव्हा भुवईवर काट्याचा ओरखडा होता आणि चेहरा निवांत. मला म्हणाली, "कपाळ टेकलं की आत काहीतरी हळूहळू चालल्यासारखं वाटतं, अट्रॅक्टा. ते ऐकतं गं."

"ऐकत असेल," मी म्हणाले. "त्याला दुसरं काम काय?"

दर रविवारी प्रार्थना आटोपली की आई चिंधी बघायला जायची. इतरांच्या चिंध्या हिरव्या पडून दोरा दोरा होत होत्या. आमची मात्र जशीच्या तशी पांढरी. तिसऱ्या रविवारी आईने सबाइनाला विचारलं, तुझ्या मनात असं काय आहे की झाड तुझ्या हातचं घेत नाही. पाचव्या रविवारी चर्चच्या अंगणातल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. ती रोज जाऊ लागली, उपाशी राहू लागली, कपाळावरचे ओरखडे सुकेनात. आईने पाव भाजायचं काम पुन्हा माझ्याकडे दिलं. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात कणीक तिंबताना मी गुणगुणत होते.

मग डॉक्टर खाट रिकामी झाल्याचं सांगायला आले. आई म्हणाली, चिंधी कुजून गळल्याशिवाय तो घराबाहेर पडणार नाही. सबाइना पहिल्यांदाच सासूला उलटून बोलली, त्याला जाऊ द्या म्हणाली.

"झाडाने तुझी चिंधी नाकारली," आई म्हणाली, "आणि आता झाडाचा अपमानही तूच करणार?"

मॅलकी उशांना टेकून बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. "अट्रॅक्टा, तू तर या सगळ्याला हसतेस. तू सांग, जाऊ का?"

एक वाक्य पुरलं असतं. शर्ट नायलॉनचा आहे, तो शंभर वर्षांत कुजायचा नाही. पण मग तो दिला कोणी, हेही आलं असतं. हाताला पीठ लागलं होतं, ते पुसत मी म्हणाले, "आई म्हणते तसं कर."

ती खाट पलीकडच्या गावातल्या एका शिंप्याच्या मुलीला मिळाली. आज तिला नातवंडं आहेत. बाजारात भेटली की माझी चौकशी करते.

काटेझाड फुलांनी पांढरं झालं त्या आठवड्यात मॅलकी गेला. मातीहून परतताना आईने सगळ्या गावासमोर सबाइनाला झऱ्यावर नेलं आणि म्हणाली, तू बांधलीस, तूच सोड. सोडणाऱ्याला काय लागतं हे तिथे कोणाला सांगायला नको होतं. कोणी अडवलं नाही, मीही नाही. तिने गाठ सोडली.

घरी आल्यावर चिंधी जाळायला म्हणून तिने एक टोक चुलीत धरलं. कापड पेटलं नाही. आक्रसलं, त्याचा काळा मणी झाला आणि घाण वास सुटला. तिने ती पटकन मागे घेतली, बोटांनी चोळून बघितली. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो.

"हा शर्ट तू दिलास," ती म्हणाली. "हे कुजत नाही, तुला माहीत होतं?"

"होतं."

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्या खोलीत गेली, पलंगाच्या उशाकडच्या खांबाला ती चिंधी तीन गाठी मारून बांधली आणि बॅग उचलली.

"तुझा विश्वास नाही ना?" दारातून म्हणाली. "मग सोड."

आईने मरेपर्यंत मुलाचा मृत्यू सुनेच्या माथी मारला आणि मी तिला तो मारू दिला. मॅलकीला जाऊन आता अडतीस वर्षं झाली. चिंधी अजून पांढरी आहे. कात्री उशाजवळच्या खणात असते. दर वसंतात मी सगळा पलंग घासूनपुसून काढते, तेवढा एक खांब सोडून.