वाऱ्यातली सोबत

वादळाच्या साली खाऱ्या नदीनं आमचा बांध फोडला आणि माझी थोरली, रोशनारा, माझ्या हातून सुटली. धाकटी तुली तेवढी वाचली. नवरा पोटासाठी खुलना शहरात रिक्षा ओढायला गेला. मागे आम्ही दोघीच.

त्यानंतर दक्षिणेचा नुसता वारा सुटला तरी नदी पुन्हा आत शिरतेय असं मला वाटायचं. मी तुलीला गमछ्यानं माझ्या कमरेशी बांधायची आणि अंगणातल्या खजुराला मिठी मारून बसायची. आभाळ निरभ्र असलं तरीही. तुलीची शाळा बंद पडली, पोरीच्या कमरेवर वळ उठले. मोमेनाला जिनानं धरलंय, असं लोक माझ्याबद्दल म्हणायला लागले. फकिराचा ताईतही बांधून झाला. फरक शून्य.

शेजारची छबिरन खाला नदीत जाळं ओढून कोळंबीची पिल्लं धरायची. एका दुपारी ती ओल्या लुगड्यानिशी तशीच आली. मला वाटलं, हीसुद्धा आता शहाणपण शिकवणार. ती चिखलात माझ्याशेजारी बसली.

"गमछ्याचं एक टोक इकडे दे."

"कशाला, खाला?"

"एका बाईच्या मुठीत नदी मावते होय गं? मीही धरते."

वारा पडेपर्यंत ती हलली नाही. पुढच्या वाऱ्यालाही आली, त्याच्या पुढच्याही. एकदा बसल्या बसल्या तिनं सांगितलं, की पत्र्यावर पाऊस वाजला की ती स्वतः खाटेखाली शिरते. एवढी धीट बाई, आणि खाटेखाली! मला हसू फुटलं. हसता हसता रोशनाराचं नाव तोंडून गेलं, आणि तिच्यासाठी मी पहिल्यांदा मोकळी रडले.

मग गाठ सैल होत गेली. आधी नुसता हात धरून बसायचो, पुढे तुली अंगणात खेळू लागली. एके दिवशी भर वाऱ्यात खालाच तिला शाळेत सोडून आली. तोवर मी खालाच्या ओसरीत बसून तिचं फाटलं जाळं विणलं. डोळे शाळेच्या वाटेवर, सगळं वाकडं झालं.

भीती गेलेली नाही. बांधही कच्चाच आहे. पण वारा सुटला की आता आम्ही चार-पाच जणी त्या ओसरीत जमतो. प्रत्येकीचं काही ना काही वाहून गेलेलं आहे.

खालाचे गुडघे आता धरलेत. तिचं गोडं पाणी लांबच्या तळ्यावरून मीच आणते. तिचे उपकार बोलायला गेले की ती तोडते.

"पाणी आणलंस, फार झालं. आता पान लाव. आणि चुना बेतानं, मागल्या खेपेला जीभ पोळली माझी."

मी पान लावते आणि मनातल्या मनात अल्लाकडे तिच्यासाठी आयुष्य मागते.