दोष आधी सांगावा

सुगंधाने काळ्या ब्लाउजपीसवर शिवराई ठेवली आणि छत्री अजून जरा खाली धरायला सांगितलं. खिडकीतलं सकाळचं ऊन थेट नाण्यावर पडत होतं, आणि मोबाइलमध्ये नाण्याच्या जागी नुसता उजेडाचा ठिपका येत होता.

"अजून खाली. अहो, खाली म्हणतेय मी!"

"हात भरान इलो माझो," लवू म्हणाला. "तांब्याच्या तुकड्याक छत्री धरूची पाळी इली माझ्यार."

नाण्याशेजारी वहीच्या कागदाची चिठ्ठी होती. 'सुगंधा, चारकोप', आणि खाली आजची तारीख. ही मोबाइलवरच्या नाण्यांच्या ग्रुपची रीत. नाणं आपल्याच हातात आहे, दुसऱ्याचा फोटो उचललेला नाही, याची ती साक्ष. चिठ्ठी तिने तीनदा लिहिली होती. पहिल्या दोन फार नीटनेटक्या झाल्या म्हणून फाडल्या. रेशनच्या यादीवर, डब्यात घातलेल्या निरोपांवर यायचं तसंच अक्षर यायला हवं होतं. 'ध'ची गाठ सुटलेली, मात्रा वाऱ्यावर.

"अक्षर ओळखील तो," ती म्हणाली.

लवूच्या हातातली छत्री हलायची थांबली.

त्यांचा मुलगा श्रेयस त्या ग्रुपमध्ये आहे, हे त्याच्या मित्राने, नितेशने सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे, तसं वाटतं असं म्हणाला होता. 'जुनी नाणी, उपनगर' नावाच्या त्या ग्रुपमध्ये एका फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'हे खोटं नाही, थकलेलं आहे.' नितेशचं म्हणणं, काकी, असं त्याच्याशिवाय कोण लिहितं? नंबर नितेशने टिपून घेतला नव्हता आणि मेसेज नंतर पुसलेला होता. तेवढ्या एका वाक्याच्या दोरीला धरून सुगंधा विहिरीत उतरली. आत एकशे त्रेसष्ट जण होते. बहुतेकांना नावं नव्हती. कुणाच्या फोटोच्या जागी वाघ, कुणाच्या जागी गणपती, कुणाच्या जागी नुसतं करडं डोकं.

पहिल्याच आठवड्यात तिने ते सगळे नंबर वहीत उतरवून काढले. पुढे दर महिन्याला काढलेले खोडले, नवे आलेले जोडले. लवू म्हणाला, "इलेक्शनाक उभी रवतंस काय गो?"

तिथले नियम ती बोलणी खाऊन शिकली. पहिल्या सकाळी तिने सुप्रभातचा गुलाब पाठवला. ग्रुप चालवणाऱ्या धवलभाईने लिहिलं, 'काकी, इथे फूल नाही, नाणं टाका.' चौथ्या दिवशी एका करड्या डोक्याला तिने वेगळा मेसेज केला, 'तू श्रेयस का रे? आई आहे मी.' ते डोकं मुलुंडच्या एका दाताच्या डॉक्टरचं निघालं. त्याने तक्रार केली. तेव्हा मात्र धवलभाईचा फोनच आला.

"काकी, असं नाय करायचं. परवानगीशिवाय कुणाच्या इनबॉक्समध्ये जायचं नाय. लोकं इथे शांतीने व्यवहार करायला येतात ना? परत झालं तर मला काढायला लागेल हां तुम्हाला."

"नाही करणार," ती म्हणाली. शाळेतल्या बाईंसमोर म्हणावं तसं.

बाकीचे नियम सोपे होते. जो पहिला 'बुक' लिहील, माल त्याचा. दिला तो दिला, मग राजा आला तरी शब्द फिरवायचा नाही. किंमत उघड लिहायची. का विकता हे विचारायचं नाही, का घेता हेही नाही. आणि सगळ्यांत वरचा, ठळक अक्षरांतला नियम: दोष आधी सांगावा. तीन महिने ज्याने काहीच घेतलं-विकलं नाही, त्याला महिनाअखेर बाहेर काढत. आज तिच्या तिसऱ्या महिन्याची अखेर होती. म्हणून बासुंदीच्या डब्यातली चोवीस नाणी काढली होती, आणि त्यातलं हे एक निवडलं होतं.

नाणं लख्ख होतं. खिडकीचे गज दिसावेत इतकं लख्ख. चार वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला देवाची भांडी घासायला काढली, तेव्हा तिने श्रेयसच्या कपाटातली नाणीही घेतली होती. चिंच आणि मीठ. एकेक नाणं अंगठ्याने चोळून, गरम पाण्यात बुडवून, टॉवेलवर ओळीने मांडलं. चोवीसच्या चोवीस, लग्नाला निघाल्यासारखी. तो आला, बॅग खांद्यावर तशीच ठेवून टॉवेलपाशी उभा राहिला.

"हे कुणी केलं?"

"मी! बघ, तुला तरी ओळखू येतायत का!"

त्याने एक उचललं, उलटं केलं, परत होतं तिथेच ठेवलं. मग हात धुऊन जेवायला बसला. श्रीखंड दोनदा घेतलं. म्हणून तर तिला काही कळलंच नाही.

संक्रांतीला तो नोकरीसाठी हैदराबादला गेला. शिमग्याच्या आत नंबर बंद झाला. लवूच्या फोनवर एक मेसेज आला: 'बरा आहे. शोधू नका.'

नाणी घासली म्हणून कोणी घर सोडत नाही, एवढं सुगंधालाही कळत होतं. मागे बरंच साठलेलं होतं. मोडलेलं लग्न, त्यावरून झालेली भांडणं, लवूच्या तोंडून गेलेला एक शब्द. पण त्या सगळ्यातलं तिने आपल्या दहा बोटांनी केलेलं असं एवढंच होतं. आणि ते काय होतं, हे तिला या ग्रुपमध्ये येऊन कळलं. जुन्या तांब्यावर तो काळपट थर चढायला पिढ्या जातात. जाणकार तो थर बघूनच नाणं हातात घेतात. ज्याला ती मळ समजली होती, ते नाण्याचं वय होतं.

फोटो जमला. सुगंधाने चष्मा पुसला आणि एका बोटाने टाइप करायला घेतलं. लवू छत्री मिटून मागे उभा राहिला.

'शिवराई. तांबं. एक नग. दोष: धुतलेली आहे. चिंच-मीठ लावून घासली. घासणारी मीच. कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नाही. चांगलं करतेय असं वाटलं. आता पूर्वीसारखी होणार नाही हे मला माहीत आहे.'

"येवढा?" लवू म्हणाला.

"दोष पूर्ण सांगायचा असतो."

तिने बाण दाबला. थोड्या वेळाने ग्रुपमध्ये धवलभाई आले. 'काकी, येवढी स्टोरी नको. क्लीन्ड लिहिलं की बस. आणि किंमत?'

किमतीचा विचार तिने केलाच नव्हता. तेवढ्यात लोक जमले. एकाने विचारलं, 'नाणं आहे की इमिटेशन ज्वेलरी?' दुसरा म्हणाला, 'काकी, आमच्याकडे कढई आहे, घासून मिळेल का?' हसून हसून रडणारे पिवळे चेहरे एकामागून एक पडू लागले. सुगंधा प्रत्येक चेहऱ्याशेजारचा नंबर वाचत होती. हसणाऱ्यांत असला तरी चालेल, असं तिच्या मनात आलं. कढईवाला असला तरी चालेल.

'किंमत लिहा काकी, नाहीतर पोस्ट काढावी लागेल.'

तिने लिहिलं: 'किंमत: एक कंपासपेटी.'

पाचवीत असताना श्रेयसने शाळेची नवीकोरी कंपासपेटी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊन ही शिवराई घरी आणली होती. त्यापायी सुगंधाच्या हातचं लाटणं दोनदा खाल्लं होतं. ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती, आणि त्यातले दोघे या खोलीत होते.

पिवळे चेहरे आणखी वाढले. मग एका नंबरने, ज्याच्या शेवटी सत्तेचाळीस होते, एकच शब्द लिहिला.

'बुक.'

ग्रुप गप्प झाला. बुक झाल्यावर त्या नाण्याबद्दल कुणी बोलत नाही, तीही रीतच. जरा वेळाने सत्तेचाळीसने सगळ्यांसमोर विचारलं, 'विक्रेत्यांना इनबॉक्समध्ये लिहिलं तर चालेल का?' सुगंधाने लगेच 'चालेल' लिहिलं. आत मेसेज आला: 'कुरिअर नको. हातात घेईन. उद्या अकरा, गोराईची जेट्टी, चारकोपच्या बाजूची.'

"घेईन असं लिहिलंय," ती म्हणाली. "पुरुषही असेल, बाईही असेल. काही कळत नाही त्यावरून."

"तू जा. माका कित्याक?" लवू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करत होता. सोमवार होता, तो एरवी गुरुवारी करायचा. इस्त्रीचा शर्टही त्याने आपणच काढला. सुगंधाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून रिक्षा बोलावली.

ओहोटी होती. पलीकडून आलेली बोट चिखलाला धरून टेकली. आधी स्कूटर उतरल्या, मग रिकाम्या पाट्या घेतलेल्या दोन बायका, मग कॉलेजची पोरं. जो कोणी तिशीचा दिसे, त्याच्याकडे लवू मान पुढे काढून बघे आणि मग खाडीकडे बघू लागे. सगळ्यांत शेवटी एक म्हातारा उतरला. कापडी पिशवी, पायात रबरी चपला, बुब्बुळाभोवती निळसर कडं.

"सुगंधाताई ना? मी बाळ. पलीकडे असतो."

सुगंधाने नमस्कार केला. लवूने शर्टाचं वरचं बटण सोडलं.

म्हाताऱ्याने पिशवीतून कंपासपेटी काढली. नवी, पत्र्याची, झाकणावर अंतराळवीर. "ठरली किंमत ती किंमत," तो म्हणाला. "दुकानदार विचारत होता, नातवाला का? म्हटलं, हो."

तिने रुमालातली शिवराई त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती अंगठ्याने चोळली नाही. कडेने धरली, श्रेयस धरायचा तशी.

"विचारायचं नसतं," सुगंधा म्हणाली, "पण हिचं करणार काय तुम्ही? हिला कुणी घेत नाही."

"म्हणून तर मी घेतो. घासलेली सगळी मीच घेतो. मागच्या अंगणात पुरून ठेवतो. माती खारट आहे आमची, काम करते हळूहळू."

"किती दिवसांत होते पहिल्यासारखी?"

"दिवस?" म्हातारा हसला. तोंडात मोजके दात होते. "ताई, पहिल्यासारखी काही होत नाही. जरा काळवंडते, एवढंच. त्यालाही वीस-पंचवीस वर्षं जातात. मी काही बाहेर काढायला नसणार."

"मग पुरायची तरी कशाला?"

"घरात ठेवली तर लोक बघतात आणि हसतात. मातीत कुणी हसत नाही."

बोटवाल्याने हाक मारली. म्हातारा गेला. लवू बराच वेळ चिखलातल्या बोटीच्या खुणेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चल. शर्टाक घाम इलो."

रिक्षात बसताना धवलभाईचा मेसेज आला. 'काकी, काल ज्यांनी मस्करी केली त्यांना वॉर्निंग दिली आहे. मनाला लावून घेऊ नका. एक जण तर ग्रुपच सोडून गेला. तुम्ही किंमत लिहिली आणि लगेच गेला. बोलला पण नाही काही.'

सुगंधाने तो दोनदा वाचला. मग लिहिलं, 'कोण?'

'गेलेल्या माणसाचा नंबर देत नाही आपण. रूल आहे ना.'

घरी आल्यावर कोणी जेवायचं नाव काढलं नाही. सुगंधाने वही घेतली. लवू चष्मा लावून मोबाइल घेऊन समोर बसला आणि ग्रुपमध्ये उरलेले नंबर एकेक करून वाचू लागला. तो वाचे, ती वहीत शोधे आणि पुढे खूण करी: आहे. पेन सापडेना, तेव्हा नव्या कंपासपेटीतली पेन्सिल काढली. एकशे बासष्ट नंबर. मध्ये एकदा गॅसवर चहा उतू गेला, तो कुणी पुसला नाही. मुलुंडचा दातांचा डॉक्टर होता. कढईवाला होता. सत्तेचाळीस होता.

"संपले," लवू म्हणाला.

वहीच्या सहाव्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत, एक नंबर कोरा राहिला होता. दोघांनी तो वाचला. नंबरासारखा नंबर. तीन महिने याच पानावर होता. तिने कितीदा त्यावरून बोट फिरवलं असेल.

लवूने मोबाइल तिच्यापुढे सरकवला.

"लाव फोन."

सुगंधाने मोबाइल हातात घेतला आणि तसाच पालथा घातला.

"विचारल्याशिवाय जायचं नसतं," ती म्हणाली.

"मगे इचार कोणाक तरी."

"कुठे विचारू? तो गेला ना तिथून."

लवू उठला. गॅसपाशी जाऊन त्याने उतू गेलेला चहा पुसायला घेतला. डाग वाळला होता, म्हणून तो घासत राहिला.

"घासू नका," सुगंधा म्हणाली. "राहू दे तसाच."

त्याने फडकं ठेवलं. तिने पेन्सिलीला टोक केलं, वही जवळ ओढली आणि त्या कोऱ्या नंबरापुढेही इतरांसारखीच खूण केली.