अल्वारचे निरोगी दात

अल्वारचा एकही दात किडलेला नव्हता, आणि ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा माणूस हेर्नोसांड गावात शोधूनही सापडला नसता. शाळेचा मुख्याध्यापक होता तेव्हा तो पोरांना रांगेत उभं करून फ्लोराइडच्या गुळण्या करायला लावायचा, आणि गुळण्या झाल्या की स्वतःचं तोंड उघडून दाखवायचा. गोळ्या-चॉकलेट फक्त शनिवारी, हा नियम त्याने सदुसष्टाव्या वर्षापर्यंत एकदाही मोडला नव्हता. माणसाला कशाचा तरी गर्व असतोच. याला दातांचा होता.

त्याची बायको मार्गित, तिच्या पाच दाढा भरलेल्या. तिचा भाऊ टूरे तर झोपताना दात पेल्यात काढून ठेवणारा. या दोघांवर अल्वारने चाळीस वर्षं मनसोक्त तोंडसुख घेतलं. टूरे जेवायला बसला की हा विचारायचा, "दात घेऊन आलास ना रे? की घरी विसरलास?"

दातांच्या डॉक्टरकडे तो अकरा वर्षांत फिरकला नव्हता. छप्पर गळत नसेल तर गवंड्याला कशाला बोलवायचं, असं त्याचं म्हणणं. मग कधीतरी ब्रश करताना थुंकी गुलाबी पडायला लागली. अल्वारने अक्कल चालवली: हिरडी दुखावली असणार, तिला आराम द्यावा. जिथून रक्त आलं तिथलं घासणं बंद. असं करत करत त्याने अर्धं तोंड सुट्टीवर पाठवलं. मार्गित दातांच्या फटी साफ करायचे बारीक ब्रश वापरायची. ते म्हणजे त्याच्या मते किडक्या लोकांचं खेळणं.

आणि या ऑगस्टमध्ये त्याचा वरचा, अगदी समोरचा दात हलायला लागला.

वेळ वाईट होती. शनिवारी त्याच्या अंगणात क्रेफिशची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या नांगीवाल्या झिंग्यांची मेजवानी होती, आणि दरवर्षी पहिली नांगी अल्वार दातांनी फोडायचा. बाकीच्यांना सुऱ्या असत. पण त्याचा तो कट्ट आवाज झाल्याशिवाय कोणी ताटाला हात लावत नसे. बुधवारी तो मार्गितला "कुंपणाला रंग आणतो" असं सांगून निघाला आणि गुपचूप दवाखान्यात जाऊन बसला.

दात साफ करणारी टिल्डा त्याच्याच शाळेत शिकलेली. त्या गुळण्या तिनेही केल्या होत्या. तिकडे मास्तर असो की डॉक्टर, सगळ्यांनाच अरेतुरे करत.

"अकरा वर्षं? होतास कुठे?"

"काम काय होतं माझं इथे? आधी कीड शोध, मग बोल."

तिने आरसा फिरवून सगळे दात पाहिले. "कीड नाही. एकही नाही."

अल्वारने मदतनीस बाईकडे पाहिलं. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. मग टिल्डाने खुणा केलेली बारीक सळई घेतली, ती दात आणि हिरडीच्या मधे घालत गेली आणि आकडे सांगत गेली. मदतनीस बाई ते टिपून घेत होती.

"चार. पाच. सहा, रक्त. सात, रक्त आणि पू."

"हे कसले आकडे?"

"खिशांचे. हिरडी दातापासून सुटली की मधे खिसा तयार होतो. तो किती मिलिमीटर खोल आहे ते मोजतेय. तीनपर्यंत चालतं."

"मग सात म्हणजे?"

"नापास."

तिने पडद्यावर एक्स-रे लावला. "हे वरचं एनॅमल, त्याच्या आत डेंटिन, मधोमध नस. सगळं झकास. आता खाली बघ. मुळाभोवती हाड असायला हवं. दिसतंय?"

अल्वारला दिसत नव्हतं, कारण ते नव्हतंच.

"तू घासणं सोडलंस तिथे थर साचला, थराचं दगडासारखं किटण झालं, त्याखाली जंतूंनी बिऱ्हाड केलं. दाताला त्यांनी हात लावला नाही. दाताखालची जमीन खाल्ली."

"वाचेल का?" इतका बारीक आवाज त्याने मुख्याध्यापक असताना फक्त पोरांच्या तोंडून ऐकला होता.

"वाचेल बहुतेक. आज शेजारच्या दातांना आतून बांधून टाकते. मग चार-पाच खेपांत हिरड्यांखालचं सगळं खरवडून काढू. पण त्या दाताने चावायचं नाही. काहीही."

"बांधणं सोमवारी कर."

"आज का नको?"

"शनिवारी माझ्याकडे क्रेफिश आहेत."

टिल्डाने सळई खाली ठेवली. "सुरीने फोड ना मग." त्याने कोट घातला. ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "घरी वासाबद्दल कोणी काही म्हणत नाही?"

"कसला वास?" म्हणत तो तडक निघाला.

शनिवारी झाडांना कागदी कंदील लागले, डोक्यांवर कागदी टोप्या चढल्या, गाणं म्हणून स्नॅप्स या कडक दारूचा पहिला पेला रिकामा झाला. मग सगळे अल्वारकडे बघत थांबले. सुरी त्याच्या ताटाशेजारीच होती आणि त्याचा हात तिच्याकडे गेलाही होता.

"या वर्षी राहू दे, अल्वार," टूरे म्हणाला. "सुरी आहे की."

टूरेने टोमणा मारला असता तर अल्वार कदाचित वाचला असता. पण तो प्रेमाने बोलला, आणि कवळीवाल्याची दया अल्वारला सोसेना. त्याने नांगी उचलली आणि चावली.

नांगी फुटली नाही. दात निघून आला, भुसभुशीत मातीतून गाजर यावं तसा, बिनबोभाट. ताटातल्या शेपूवर तो पडला. वरून पांढराशुभ्र, खाली मुळावर काळं किटण. कोणी हसलं नाही. टूरे उठून नॅपकिन घेऊन आला आणि त्याने तो अल्वारपुढे धरला.

अल्वारने दात उचलून डोळ्यांजवळ नेला, आणि तो वास पहिल्यांदाच त्याच्या स्वतःच्या नाकात शिरला.

"मार्गित, माझ्या तोंडाला वास येतो?"

सगळ्यांना एकदम आपापल्या ताटात काहीतरी बघण्यासारखं सापडलं.

"सहा वर्षं झाली," मार्गित म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले. तू म्हणालास, आधी स्वतःच्या दाढा बघ." तिने डोक्यावरची कागदी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तू घोरतोस म्हणून मी माडीवर झोपायला गेले, असं सांगितलं होतं ना तुला? तू घोरत नाहीस, अल्वार."