पंखा नसलेला ओव्हन

आमचा ओव्हन साधा होता, आणि थोडा खोटारडाही. बटण एक आकडा दाखवी, आतली आच भलतेच काही सांगे. मागचा उजवा कोपरा तर इतका तापट की तिथले शॉर्टकेक, म्हणजे बिस्किटासारखे खुसखुशीत छोटे केक, इतरांच्या आधी काळवंडत. मात्र त्याच्या खोड्या एकदा अंगवळणी पडल्या की तो मनापासून साथ देई. ट्रे मध्येच फिरवायचा, खालच्या कप्प्यात एक रिकामा ट्रे पालथा घालायचा, म्हणजे बूड करपत नाही. हे सारे मी आणि ताईने मिळून शोधले होते, हिवाळाभर, चुकत आणि करपवत.

बेतही दोघांचा होता. रविवारच्या बाजारात एक टेबल मांडायचे. भाजायचे मी, विकायचे तिने. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून ती मला मुक्या म्हणे. "तू फक्त हात चालव, मुक्या. बडबड माझ्याकडे." त्या एका वाक्याच्या भरवशावर मी माझे पुढचे सारे दिवस मांडून ठेवले होते.

त्या दुपारी ती ऑफिसातून लवकर आली तेव्हा मी थंड लोण्याचे तुकडे मैद्यात चोळत होतो. केवळ बोटांच्या टोकांनी. तळहाताची ऊब लोण्याला सोसत नाही. वाटाण्याएवढे कण उरले तसा थांबलो, उकडलेल्या अंड्याचा बलक गाळणीतून घासून त्यात मिसळला, आणि गार दूध घालून पीठ नुसते एकत्र केले. बलकाची युक्ती माझी होती. त्याने शॉर्टकेक जिभेवर आपसूक विरघळतो.

"लोण्याशी गप्पा चालल्यात का?" ताईने विचारले.

"ते उलटून बोलत नाही."

ती हसली. मी पातळ काठाची वाटी सरळ खाली दाबून चकत्या कापल्या. वाटी गोल फिरवली तर कडा मिटतात आणि केक फुगायचे नाव घेत नाही. ट्रे आत गेला. ताई ओट्याला टेकून उभी राहिली.

"एक सांग, ओव्हनमध्ये पंखा असेल, तर आच किती ठेवायची?"

कामाबद्दल कुणी विचारले की माझा संकोच गळून पडतो. मी भरभरून सांगत सुटलो: आच थोडी कमी ठेव, वाऱ्याने वरचा पापुद्रा लवकर वाळतो, तेव्हा दुधाचा हात जरा सढळ हवा, चकत्या एकमेकींना खेटून मांड, म्हणजे त्या पसरण्याऐवजी वर चढतील. ती ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती, पाठ करावे तशी.

आमच्या ओव्हनला पंखा नव्हता. हे मला माझे सांगून संपल्यावर ध्यानात आले.

"कुणाचा ओव्हन, ताई?"

तिने नळाकडे नजर वळवली. "कोपऱ्यावरच्या बेकरीचा. पुढच्या महिन्यापासून बोलावलंय मला. शॉर्टकेक माझ्याकडे असणार."

"बलकाचं सांगितलंस?"

"सांगावंच लागलं. त्याशिवाय कोण घेणार होतं मला?"

"आणि आपलं टेबल?"

"कसलं टेबल, मुक्या. पहिलं गिऱ्हाईक आलं की तू टेबलाखाली लपणार. मी तरी किती दिवस तुझं तोंड होऊन राहू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

"आधी सांगायचंस," मी म्हणालो.

"आधी सांगितलं असतं, तर पंख्याचं सांगितलं असतंस?"

"हो."

तिने मान खाली घातली. मी ट्रे बाहेर काढला. चकत्या ताठ, उंच, सोनेरी झाल्या होत्या. इतक्या देखण्या आजवर कधी झाल्या नव्हत्या.

"यातले थोडे डब्यात भरून दे ना," ती हळूच म्हणाली. "मालकांना चाखवायचेत उद्या."

मी डबा काढला नाही. गरम शॉर्टकेक हातांनीच उकलला, त्यावर साखरेत मुरलेल्या स्ट्रॉबेरी घातल्या, रसासकट, आणि वर घट्ट क्रीम. मग दुसरा. मग उरलेले सगळे. लाल रस मऊ गाभ्यात उतरत गेला.

"अरे, आता हे नेऊ कशी?"

"नेता येत नाहीत. लगेच खावे लागतात."

ती ओट्यापासून दूर झाली. मग खुर्ची ओढून बसली. आम्ही समोरासमोर खात राहिलो.

"फार छान झालेत," ती शेवटी म्हणाली. हे माझी ताई म्हणत होती की बेकरीची बाई, ते मला ओळखता येईना.