उलट्या साताचा बिल्ला

मी बिल्ला बोलतोय, आणि गोड बोलायची मला सवय नाही. मला नाणं म्हणू नका. माझ्यावर ना राजा, ना देव. पितळेची एक चकती, वर दोऱ्यासाठी भोक आणि मध्ये ७४ हा आकडा. त्यातला सात उलटा पडलाय. ठोकणाऱ्याची डुलकी, दुसरं काय! पण त्या उलट्या सातानंच घात केला. माझा कसला, तिचा.

बहात्तरच्या दुष्काळात बिडकीनच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं. खडी फोडणाऱ्या प्रत्येकाला एक बिल्ला. गळ्यात बिल्ला असेल तरच हजेरी, आणि हजेरी लागली तरच संध्याकाळी खायला सुखडी. मी द्वारकाबाईच्या गळ्यात होतो. विशीतली बाई, पदराखाली तान्हं पोर. घामानं माझा हिरवा डाग तिच्या छातीवर उमटायचा. ती तो पुसायची आणि पुन्हा हातोडा उचलायची.

हजेरी घ्यायचे अनंतराव. त्यांना जुनी नाणी जमवायचा भारी शौक. त्यातही टाकसाळीत चुकलेलं नाणं दिसलं की या माणसाच्या तोंडाला पाणी सुटायचं. एका दुपारी त्यांची नजर माझ्यावर पडली.

"बाई, तुझा नंबर चुकलाय. इकडं दे. उद्या दुसरा देतो."

"पर सायेब, उद्या देताल ना नक्की?"

"म्हटलं ना, देतो!"

दुसऱ्या दिवशी हाच माणूस तिला म्हणाला, "बिल्ला नाही, तर काम नाही." तेव्हा मी त्याच्याच खिशात होतो! तीन दिवस ती पोराला घेऊन खडीच्या ढिगापाशी बसून राहिली. चौथ्या दिवशी आली नाही.

आज त्या रस्त्यावरून कारखान्यांच्या बसगाड्या धावतात, आणि मी औरंगपुऱ्यात अनंतरावांच्या फ्लॅटमध्ये मखमली डबीत पडलोय. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, तरी म्हातारा मला धुऊनपुसून ठेवतो. कसली किळस येते मला त्या बोटांची!

काल प्रदर्शनासाठी सगळा संग्रह टेबलावर काढला होता. अनंतराव भिंगातून एकेक नग तपासत होते, नात मृण्मयी चिठ्ठ्या लिहीत होती.

"आजोबा, हा कुठं मिळाला?"

"एका मजूर बाईकडून काढून घेतला," म्हातारा हसत म्हणाला. "द्वारका का कोण. असा नग शोधून सापडायचा नाही!"

"मग तिला दुसरा दिलात ना?"

"बिल्ले संपले होते गं."

"आणि तिचं काम?"

"तो दिवा जरा इकडं कर."

मृण्मयीनं दिवा सरकवला नाही. तिनं चिठ्ठीवर लिहिलं, 'द्वारकाबाईंचा बिल्ला.'

"खोड ते!" म्हातारा ओरडला. तिनं खोडलं नाही.

पोरी, तू मनानं चांगली आहेस, पण चिठ्ठीनं माझा राग निवत नाही. ती बाई जिवंत असेल तर शोध तिला. मला तिच्या हातावर ठेव. ती मला भिरकावून देईल. देऊ दे.