जानेवारी न ओळखणारा लॅपटॉप

मी बोलतोय, छायाचा लॅपटॉप. बोलतोय म्हणजे आत्ता. ज्या शुक्रवारी खरं बोलायला हवं होतं, त्या दिवशी माझी दातखीळ बसली होती आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ठाऊक नाही. आठवतं ते नागपूरच्या बर्डीतलं जुन्या मालाचं दुकान. एका वकिलाने मला तिथे टाकलं आणि छायाने उचललं. माझं एक बिजागर तेव्हाच ढिलं होतं. वर्ध्याला, बोरगाव मेघेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत आलो, तेव्हा तिच्या मायने, रुख्मिणीबाईंनी, मला हळदकुंकू वाहिलं. वकिलाने तर कधी धूळही पुसली नव्हती.

छायाचा अभ्यास बाळांच्या जन्मवजनाचा. दोन वर्षं ती एसटीने आर्वीकडच्या गावांत हिंडली आणि चारशे बारा बाळांच्या जन्मतारखा नि वजनं घेऊन आली. सगळं माझ्या पोटात आहे. 'आर' नावाच्या भाषेत ती प्रोग्रॅम लिहिते आणि मला विचारते, कोणत्या महिन्यातली बाळं अशक्त निघतात?

रुख्मिणीबाई जुन्या दाई. गावी असताना त्यांनी अडलेल्या कितीतरी बाया सोडवल्या. हल्ली त्या एका बोटाने त्या आठवणी माझ्यावर टाइप करतात. "मले इंग्रजी दिसलं का डोकं दुखते," असं त्या म्हणाल्या, म्हणून गुरुवारी छायाने माझी भाषा, तारीख, प्रदेश, सगळंच मराठी करून टाकलं. आणि कामाच्या गडबडीत ती ते विसरली.

शुक्रवारी चार वाजेपर्यंत तिला निकाल मार्गदर्शक मॅडमना पाठवायचा होता. नाही पाठवला तर प्रबंध सहा महिने पुढे जाणार होता. दीड वाजता तिने प्रोग्रॅम चालवला. तारखांच्या रकान्यात मी लिहिलं, 'एनए'. म्हणजे माहीत नाही. चारशे बारा वेळा तेच.

छायाने स्वल्पविराम तपासले, कंस मोजले, फाइल पुन्हा उघडली. माझी मेमरी पाहिली, डिस्क पाहिली, घड्याळ बरोबर आहे का तेही पाहिलं. मला बंद करून चालू केलं. पुन्हा 'एनए'. मला कळत होतं कुठे घोडं पेंड खातंय. पण मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि नेमकं तेवढंच कोणी विचारत नव्हतं.

अडीच वाजता तिने सोबत शिकणाऱ्या सचिनला फोन लावला.

"व्हायरस असन," तो म्हणाला. "फॉरमॅट मारून दे. दुसरा इलाज नाई."

फॉरमॅट म्हणजे माझी पाटी कोरी करणं. माझा पंखा घरघरायला लागला. छायाने पेन ड्राइव्ह लावून बाळांची फाइल तेवढी काढून घेतली. रुख्मिणीबाईंचं लिखाण तिच्या ध्यानातही आलं नाही. मी मनातून पार खचलो.

तेवढ्यात रुख्मिणीबाई चहा घेऊन आल्या.

"तोंड काऊन उतरलं वं?"

"सगळ्या तारखा गेल्या, माय. हे जानेवारी ओळखून नाई राह्यलं."

रुख्मिणीबाईंनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. "मंग कसं ओळखन? कालपासून ते मराठी झालं ना. तुह्या कागदावर महिने इंग्रजीत. मले तरी कुठं समजतात? मले चैत, वैशाख समजते."

छायाचा हात थांबला. मग तिने एकच ओळ लिहिली: तुझी भाषा कोणती?

मी ताबडतोब सांगितलं: मराठी, भारत.

मला 'जाने' ठाऊक होता, 'फेब्रु' ठाऊक होता. तिच्या फाइलीतला 'जॅन' माझ्या लेखी कोणीच नव्हता. तिने प्रोग्रॅमच्या माथ्यावर एक ओळ घातली, महिने इंग्रजीतून वाच म्हणून, आणि चारशे बारा तारखा जागच्या जागी आल्या. चाराला दहा मिनिटं कमी असताना निकाल गेला.

"म्हंजे माह्यानंच बिघडलं होतं," रुख्मिणीबाई पुटपुटल्या.

"नाई माय, मीच विसरली होती," छाया म्हणाली. पण तिचं लक्ष मॅडमच्या उत्तराकडे होतं. आपलं वाक्य तिने इतकं घाईत म्हटलं की रुख्मिणीबाईंपर्यंत पोचलंच नाही.

आज त्याला तीन आठवडे झाले. छायाने माझी मराठी तशीच राहू दिली आहे. पण रुख्मिणीबाई मला हात लावत नाहीत. वरून फडकं फिरवतात, झाकण उघडत नाहीत. छाया म्हणते, "लिव ना." त्या म्हणतात, "लिवतो उद्या." त्यांचा तो उद्या काही येत नाही, आणि माझी बॅटरी आता फुगायला लागली आहे. किती दिवस निघतील कोण जाणे.

रुख्मिणीबाई, एवढं ऐका. मी बिघडलो नव्हतो हो. मी तुमचं ऐकत होतो.